उधन्याचे दाखलेवाले महाराज

अठराव्या वर्षी माणसाला थोडी तरी अक्कल असावी, मला नव्हती. माझे धाकटे दीर वामनभावजी दुसऱ्या दिवसापासून गावच्या राममंदिराची पूजा हाती घेणार होते. आणि मी, नवी कोरी वहिनी! दुपारी ते झोपलेले असताना सासूबाईंच्या कात्रीनं त्यांची शेंडी कापली. का? तर नणंदेला हसवायला. ती हसली. मग गाव हसलं. "शेंडी वाढेपर्यंत गाभाऱ्यात पाय ठेवू नकोस," मामंजी म्हणाले. भावजी संध्याकाळच्या गाडीनं सुरतेला निघून गेले. राग उतरला की येतील, असं आम्ही म्हणत राहिलो. पुढे घरात कोणी गेलं की ते दिवस करायला यायचे आणि बाराव्याला परत जायचे. मी पदराआड लपायची.

यंदा पौषात मात्र, चाळीसएक वर्षांनी, अमळनेरहून एकटीच गाडीत बसले. एकदा माफी मागायची, बस.

चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरला. मी नाकाला पदर लावला, तशी समोरची बाई म्हणाली, "मावशी, आमचं पोट ह्याच वासावर चालतं." मी निमूट पदर खाली घेतला.

सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "वामनशास्त्री जोशी, रामाचे पुजारी." त्यानं नकारार्थी मान हलवली. "पालिकेत होते," मी म्हटलं.

"अरे, दाखलावाळा महाराज! बेसो मासी, बेसो (बसा)."

वाटेत त्यानंच सगळं सांगितलं. भावजी पालिकेत शिपाई म्हणून लागले, कारकून झाले, शेवटी जन्ममृत्यूच्या नोंदीचे साहेब झाले. मागावर काम करणाऱ्या खानदेशी लोकांनी वस्तीत राममंदिर बांधलं, तिथले पुजारीही तेच. सकाळी बारसं करायचं, दुपारी त्याच नावाचा दाखला द्यायचा. आलेल्या-गेलेल्याची वर्दी देवाला आणि सरकारला हेच देणार.

देवळाच्या ओट्यावर एक कामगार त्यांना विचारत होता, "महाराज, मना पोर्‍याना दाखला (माझ्या मुलाचा दाखला)?"

"मी रिटायर झालो रे बाबा! थांब, आरतीनंतर सांगतो कुठे जायचं ते." एवढ्यात मी दिसले. "वहिनी! कात्री आणलीत का?" म्हणत त्यांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला.

पाठ केलेली वाक्यं मी विसरलेच. त्यांनी पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) पुढे केला, वर लिंबू पिळलं.

"भावजी, माझं चुकलं."

"त्या कात्रीचीच पेन्शन खातोय. घ्या, शेव घ्या."

मी हसले. सुटले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनवर पोचवायला आले. खिडकीशी उभे होते. माझी जीभ कुठली गप्प बसायला! म्हटलं, "सासूबाई शेवटपर्यंत तुमची वाट बघत होत्या. एवढा कसला हो राग, भावजी?"

गाडी हलली. गज धरून चार पावलं चालत ते म्हणाले, "राग नव्हता, वहिनी. पहिली दोन वर्षं मी खोलीसुद्धा घेतली नाही, धर्मशाळेतच राहिलो. तुमच्यापैकी कोणी न्यायला आलं, तर लगेच निघता यावं म्हणून."