रिओ नेग्रोच्या काठी, जिथं सून परभाषेचीच लागते

निखिलनं, माझ्या मुलानं, ॲमेझॉनच्या जंगलाची तिकिटं काढली, तेव्हा मी पहिलं विचारलं, "तिथं दवाखाना आहे का?" त्याचा बेत मला कळत होता. त्याला ऑफिसातल्या अंजूशी लग्न करायचं होतं. ती मल्याळी, म्हणून मी हो म्हणत नव्हतो. उद्या नातवंडं माझ्याशी काय बोलणार? इथं कतारमध्ये मराठी आईबापांचीच मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, आणि मी सातवी शिकलेला.

दोहा ते साओ पावलो विमानात पाय सुजतात, घट्ट मोजे घाला. पिवळ्या तापाची लस आधीच घ्या. पुढे मानाउस आणि तिथून रिओ नेग्रो नदीतून वर जाणारी बोट. तिकिटात जेवण येतं, झोपायची झोळी आपली आपण बांधायची. माझी गाठ मी सारखी तपासत होतो. पाणी कोऱ्या चहासारखं काळं, पण त्यामुळेच डास कमी. दोन्ही काठांना नुसती झाडं. रस्ता म्हणजे नदीच.

नदीकाठच्या साओ गाब्रिएल गावाच्या पुढे आदिवासी वस्त्यांत जायला परवानगी लागते. ती आमचा वाटाड्या एलियोनं काढली होती. तो तुकानो जमातीचा. तो इंग्रजीत बोलायचा, निखिल मला मराठीत सांगायचा. त्याच्या आईनं कसाव्याची भाकरी आणि मिरचीच्या रश्श्यातला मासा वाढला. हा कंद विषारी असतो, किसून, पिळून, भाजला की खाता येतो, हे कळल्यावर माझा घास हातातच राहिला.

"अप्पा, मी खाल्लंय. जिवंत आहे," निखिल म्हणाला.

म्हातारीनं माझ्या बायकोबद्दल विचारलं. मी सांगितलं, ती आता नाही, पण आम्ही दोघंही मराठी. एलियोनं ते सांगताच तिनं तोंडावर हात ठेवला.

"आई म्हणते, बहिणीशीच लग्न केलंत की!"

सगळे हसले. मी कावराबावरा. मग एलियोनं सांगितलं, त्यांच्यात माणूस बापाच्या भाषेचा, एका भाषेची ती सगळी भावंडं, म्हणून बायको दुसऱ्या भाषेचीच करायची. त्याची आई देसाना भाषेची.

"मग तू आईशी कसं बोलतोस?"

"ती तिचं बोलते, मी माझं. दोघांनाही सगळं कळतं."

म्हातारी पुढे म्हणाली, नवी सून म्हणून आले तेव्हा गप्पच असायचे. पहिल्यांदा हसून बोलला तो सासरा.

परतीच्या बोटीत मला तेवढंच आठवत राहिलं.

आता कतारमध्ये, उम्म सलालला घरी आहोत. ताप तर येणार नाही ना म्हणून मी रोज थर्मामीटर लावतो. शुक्रवारी अंजूला जेवायला बोलवायला मीच सांगितलं.

मोडक्या हिंदीत तिला म्हणालो, "बच्चों से तुम मल्याळम बोलना. मराठी मैं देखूँगा."

तिचे डोळे भरले. "और मैं आपसे क्या बोलूँ, अंकल?"

"पहले अंकल छोडो. अप्पा बोलो."

तिनं म्हटलं. उच्चार जरा वेगळा होता. मी तो सुधारला नाही.