समुद्राआधी नवेगावबांध

क्रूझला जायचं हे आमच्या घरी जेवताना ठरलं आणि ताटं उचलेपर्यंत मला त्याची भीती वाटायला लागली होती. नितीन, म्हणजे माझा नवरा, मोबाइलवर मुंबई-गोवा जहाजाचे फोटो दाखवत होता. आमची पाच वर्षांची पिहू एका फोटोवर बोट ठेवून विचारत होती, "यात झोपायचं पण?" हो म्हटल्यावर ती आत गेली आणि तिनं आपली उशी आणून दाराजवळ ठेवली.

पिहूला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांमागे मशीन लावली की शाळेत, घरात, अंगणात तिचं काही अडत नाही. मशीन काढली की मात्र आवाज जवळजवळ संपतात. या मशिनींना पाणी चालत नाही, आणि आम्ही तिला समुद्रावर न्यायला निघालो होतो. नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "मशीन जपा. मुलीला इतकं जपू नका." ऐकायला बरं वाटलं. पण जहाजाचा भोंगा वाजला आणि ती मशीन काढून झोपलेली असली तर काय, हे काही त्यातून सुटलं नाही.

म्हणून नितीननं सुचवलं, आधी नवेगावबांधला जाऊ. तलावावर बोटीत बसवू, जॅकेट घालून बघू. काय चुकतं ते इथेच कळेल.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी गोंदियाहून निघालो. गोरेगाव मागे टाकून कोहमाऱ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. चौकात गरम आलुबोंडे आणि तर्री पोहे मिळतात, पोटभर खाऊन घ्या, कारण तलावावर खाण्याचा भरवसा नाही. पुढे जंगल लागतं. माकडं रस्त्यावर येतात, गाडी हळू चालवा. बोटिंग सुरू आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारून घेतलेलं बरं.

माझे सासरे, मामाजी, अर्जुनीकडच्या गावाहून मोटारसायकलनं आमच्याआधीच पोचले होते. पिशवीत उकडलेल्या वालाच्या शेंगा होत्या. पिहूनं धावत जाऊन पहिली शेंग मागितली.

"इकडं काय पाणी कमी हाय," ते नितीनला म्हणाले, "का तिकडं समुद्रात नेऊन राहिले पोरीले?"

"बाबा, तुम्ही पण चला ना."

"मी कायले येऊ? दोन दिवस पाणीच पाहत बसू?"

तलावावर धुकं विरत आलं होतं. लांब पाण्यावर परदेशी बदकांचे थवे बसले होते. बोटीवरची लाइफ जॅकेटं मोठ्यांच्या मापाची होती, लहानातलं लहानही पिहूच्या गुडघ्यापर्यंत आलं. आम्ही तिच्या मापाचं विकत घेऊन ठेवलं होतं. तुम्हीही घ्याल तेव्हा दोन पायांमधून जाणारा पट्टा आहे ना, ते नक्की बघा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं.

जॅकेट छान बसलं. पण त्याची जाड कॉलर कानामागच्या मशिनींना लागली आणि दोन्ही मशिनी शिट्टी मारायला लागल्या. पिहू वैतागली. कॉलर खाली दाबली, केस बांधून बघितले, उपयोग झाला नाही. शेवटी तिनंच दोन्ही मशिनी काढल्या, माझ्या हातातल्या डबीत ठेवल्या आणि बोटीकडे चालू लागली.

मी गेले दोन आठवडे तिला शिकवत होते, आई हाक मारेल तेव्हा थांबायचं. ते सगळं त्या डबीत बंद झालं.

बोटीत ती नितीन आणि मामाजींच्या मध्ये बसली, मी मागे. तलावाच्या मध्यावर आलो तेव्हा बदकांचा थवा एकदम उठला. इतके पंख एकदम उघडलेले तिनं कधी पाहिले नव्हते. ती उभी राहिली.

"पिहू, खाली बस," मी ओरडले. पुन्हा ओरडले. ती वर बघत होती. बोट कलली तसं नितीननं तिचं जॅकेट मागून धरलं, नावाड्यानं इंजिन बंद केलं. तेव्हा ती वळली, आणि तिला आधी मी दिसले.

"आई मारणार," ती रडत म्हणाली.

मी तिच्यावर आजपर्यंत हात उगारलेला नाही.

"तू काऊन ओरडून राहिली?" मामाजी शांतपणे म्हणाले. "तिले आयकू येत नाही. तिले फक्त तुझं तोंड दिसलं."

मग त्यांनी बसल्या फळीवर तळहातानं दोनदा थोपटलं. पिहूनं चमकून खाली पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी हातानं बस म्हणून खूण केली आणि हसले. ती बसली. त्यांनी पुन्हा थोपटलं, तिनं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा तिनंच फळी बडवली आणि आपल्या आजोबांना बसायची खूण केली. ते बसलेलेच होते, तरी थोडे उठून परत बसले. नावाडी म्हणाला, "हो गया बच्ची का, चलें आता?" आणि आम्ही उरलेला तलाव फिरून आलो.

परतताना मामाजी मोटारसायकलवर बसता बसता म्हणाले, "माझं तिकीट निघते का आता?"

पुढचे दिवस आमच्या घरी जमिनीवर, पलंगावर, टेबलावर थोपटण्याचा खेळ चालला. मी आरशासमोर उभी राहून एकच सराव करायचे, घाबरले तरी चेहरा कसा ठेवायचा. बॅगेत मशिनींच्या जादा बॅटऱ्या, दमटपणा शोषणाऱ्या पुड्यांची डबी, उलटीचं औषध, पिहूचं जॅकेट आणि सगळ्यांची आधारकार्डं गेली. बुकिंगच्या वेळीच आम्ही मुलीला ऐकू येत नाही हे कळवलं होतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर हे लपवू नका. आम्हाला जिन्याजवळची खोली मिळाली.

गोंदियाहून मुंबईला रात्रभराची गाडी, मग बंदरावर लांब रांग, तपासणी, पुन्हा रांग. जहाज इतकं मोठं होतं की पिहू विचारत राहिली, "बोट कुठं आहे?" चढल्यावर पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. भोंगा वाजणार, सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. रात्रीची तयारी म्हणून भोंग्याआधीच आम्ही तिच्या मशिनी काढल्या. तिनं एक हात भिंतीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. भोंगा माझ्या छातीत धडकला, शेजारचं एक बाळ रडायला लागलं. पिहूनं भिंतीवरचा हात न काढता सांगितलं, "भिंत गुरगुरते." तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण ती हसली.

जेवणाच्या हॉलमध्ये गाण्यांचा एवढा गोंगाट की आम्हा तिघांची डोकी उठली. पिहूनं मशिनी बंद केल्या आणि निवांत नूडल्स खाल्ले. मामाजींना वरणभात मिळाला, तो त्यांनी दोन्ही वेळा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिहूच्या मशिनी डबीत ठेवून डेकवर गेलो तर चारी बाजूंनी फक्त पाणी. मामाजी कठड्याशी उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी पाणी पाहिलं ते बांधाच्या आतलं, पलीकडे काठ असलेलं. त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

"मामाजी, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"काठच नाही दिसून राहिला," ते म्हणाले.

मी नितीनला हाक मारणार, तेवढ्यात पिहूनं कठड्यावर दोनदा थोपटलं. त्यांनी खाली पाहिलं. तिनं बसायची खूण केली. दोघं डेकवरच्या खुर्च्यांवर बसले, तिनं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "जाय तू, चहा पिऊन ये. पोरगी हाय माझ्याजवळ." मी गेले. पहिल्यांदाच ती मशीन नसताना माझ्या नजरेआड होती, आणि मी सगळा चहा संपवून आले.

गोव्यात उतरून एक दिवस राहिलो आणि रेल्वेनं परतलो. पैशांचा हिशेब ज्यानं त्यानं आपला करावा. मी एवढंच सांगेन की खिडकीची खोली घ्या, आणि लहान मुलाचे कपडे ठरवलेत त्याच्या दुप्पट न्या. जहाजावर काय काय पाहिलं यातलं बरंचसं मी आताच विसरले आहे. पिहूला मात्र पोहायला शिकायचं आहे. आल्यापासून रोज तेच. मी आधी नाही म्हटलं, मग पुढच्या वर्षी म्हटलं, आणि ऊन तापायला लागलं तशी तिला गोंदियाच्या तरणतलावावर घेऊन गेले. शिकवणाऱ्या ताईंना सगळं समजावलं. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्यांनी पिहूचा हात धरला आणि पायऱ्यांकडे नेलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा मामाजींचा फोन आला.

"काय करून राहिली पोरगी?"

"पाण्यात आहे."

"अन् तू?"

"मी बाहेर बसले आहे."

"बस मंग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.