न झालेला डिमेन्शिया

रजिस्ट्रार ऑफिसचं तिसरं पत्र आलं. मृत्यूच्या दाखल्यात दुरुस्ती हवी असेल तर पुरावा जोडा म्हणतात. अहो, तो दाखला मीच लिहिला, खोटाही मीच लिहिला. आणखी कसला पुरावा देऊ?

निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली असताना कार्डिफ सोडून मी वेल्सच्या डोंगरातल्या एका खेड्यात बदली डॉक्टर म्हणून गेलो. तिथे रिसेप्शनिस्ट चहाबरोबर जुन्याच औषधांच्या प्रिस्क्रिप्शन्सचा गठ्ठा आणून ठेवायची. चहा संपेपर्यंत सह्या संपवायच्या, अशी पद्धत. महिनाभराने मी ते कागद वाचायला लागलो. गावच्या केअर होममधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, चौदाच्या चौदा जणांना गुंगीचं एकच औषध चालू होतं.

भर दुपारी तिथे गेलो. सगळे खुर्च्यांत झोपलेले. निवृत्त शाळाशिक्षिका असलेल्या एक बाई तेवढ्या जाग्या होत्या. रुमालात लपवलेली गोळी दाखवून म्हणाल्या, "डॉक्टर, ही घेतली की मला माझं नाव आठवत नाही. बंद करा."

मॅनेजरबाईंनी शांतपणे सांगितलं, की चौदा जणांना दोनच मुली सांभाळतात. औषध बंद करायचं तर जेवण भरवायला तुम्ही या. दुकानदारापासून रिसेप्शनिस्टपर्यंत गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

मी तक्रार लिहिली. त्याच आठवड्यात चॅपेलमधल्या सुगीच्या जेवणाला मला बोलावलं आणि 'आमचे डॉक्टर' अशी ओळख करून दिली. या देशात इतकी वर्षं काढली, पण मला कुणी आपलं म्हटलं नव्हतं. तक्रारीचं पत्र खणातच राहिलं. सह्या चालू राहिल्या.

त्या हिवाळ्यात त्या शिक्षिकाबाई न्यूमोनियाने गेल्या. होमच्या फाइलीत होता म्हणून दाखल्यावर मी डिमेन्शियाही लिहून टाकला.

यंदा त्यांच्या भाचीने मला लंडनमधल्या हॅरोत शोधून काढलं. फोनवर म्हणाली, "किल्ली कुठे ठेवली हे आठवलं नाही तरी मी घाबरते. मावशीला झाला, आता माझी पाळी का?"

मी सगळं सांगितलं.

"हे लिहून द्या," एवढंच ती म्हणाली.

ऑफिसला काय करायचं ते करू दे. बाईंची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. हा कागद आज भाचीला पाठवतोय. या वेळी वाचून सही केली आहे.