आत कोणाला भेटायचंय?

जेलच्या मुलाखत खिडकीवर अकरा वर्षं ड्युटी केली. अर्ज रजिस्टरला लावले की काम संपायचं, पण काही माणसं रजिस्टरमध्ये मावायचीच नाहीत. ती माझ्यासोबत घरी यायची!

नियम साधा. भेटायला येणारा स्वतः कधी आत राहिलेला असेल, तर साहेबांची वेगळी परवानगी लागते. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचे, "आधी कधी आत होतात का?"

*

नांदूरघाटचे सलीमभाई, मोटारसायकल मेकॅनिक. मेव्हण्याला भेटायला आले होते.

"तौबा मॅडम! जेलचं तोंड बी पाह्यलं न्हाई."

तेवढ्यात आत मोजणीची घंटा झाली. बाहेरची रांग तशीच उभी. सलीमभाई एकटेच मान खाली घालून उकिडवे बसले! शेजारी एका माणसाची जागा सोडून. मोजणीला कैदी जोडीनं बसतात ना, तसे.

भानावर आले, तेव्हा चेहरा पांढराफटक. "लिवा मॅडम, व्हतो. सात म्हैने."

*

चकलांब्याच्या गयाबाई. भावकीतल्या मारामारीत मायलेकांवर केस. त्या जामिनावर बाहेर, लेक आत. खटला संपेपर्यंत दोघांनी भेटायचं नाही, अशी कोर्टाची अट. मी अर्ज परत केला.

"कावून ओ? माझंच लेकरू हाय ते!"

रडल्या नाहीत. जेलच्या मागच्या भिंतीला बाहेरून तळहात लावून घटकाभर उभ्या राहिल्या आणि गेल्या.

दुपारी आतला शिपाई बबन म्हणाला, "मॅडम, गयाबाईचं पोरगं येडं झालं का काय! हातातलं काम टाकून मागच्या भिंतीला हात लावून उभं राह्यलं. म्हणलं, काय करतो बे? तर म्हणतंय, आई आलीय!"

पुढच्या सोमवारी गयाबाई दुसऱ्या बाजूच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी तोही त्याच बाजूला गेला!

*

एकजण रजेवर सुटलेला कैदी. रजा संपायच्या दिवशीच अर्ज घेऊन हजर. आतल्या दोस्ताला भेटायचं म्हणे!

"अहो, अर्ध्या तासानं तुम्ही त्याच्याच बराकीत जाणार!"

"तवा कैदी म्हणून भेटंल, मॅडम. आता पाव्हणा म्हणून भेटू द्या की."

साहेबांनी सही केली. दहा मिनिटं दोघं जाळीच्या दोन बाजूंना नुसते बघत बसले.

*

कड्याचे भीमराव. शिक्षा भोगून घरी गेले, त्याला वर्ष झालं होतं. त्यांच्या अर्जात कैद्याच्या नावाच्या रकान्यात त्यांचंच नाव!

"भीमराव, तुम्ही तर बाहेर आहात!"

"बायको तसं म्हणत न्हाई." ते हळू आवाजात बोलत होते. "ती म्हणते, तुमी अजून घरी आलाच न्हाईत. पोरगी जवळ येत न्हाई. म्हणलं, एकदा बघून यावं."

मला लई वाईट वाटलं. त्यांची समजूत पटावी म्हणून बबनला म्हटलं, "जा, बराकीत नाव पुकारून ये."

बबन परत आला तो भिंत धरतच. "मॅडम, कोनीतरी 'हजर' म्हणलं. त्या नावाचं आत कोनी न्हाई. पन आवाज..." तो भीमरावांकडे बघतच मागं सरला.

भीमरावांनी अर्ज खिडकीतून पुन्हा आत सरकवला.

"मंजूर करा मॅडम. पाचच मिनिटं."