तळहातावरचं डोकं

उमादेवी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. शाल-नारळ झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून हातांना काम उरलं नाही. अणदूर आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची कितीतरी बाळंतपणं या हातांनी केली होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं तळहातावर केवढं भरतं, टाळू कुठं मऊ लागते, हे त्या डोळे मिटून सांगू शकत होत्या.

एकदा जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला बाळाचं डोकं करायचंय. मातीचं."

गौरीशंकरांचा घास हातातच राहिला. "गणपती कर की. लोक पाया तरी पडतील."

"गणपती करणारे लई हायत."

पुण्याहून लेकीनं, शुभांगीनं, हौसेनं पांढऱ्या मातीचं पाकीट पाठवलं. भाजायची गरज नाही, हवेवरच वाळते म्हणाली. पण एप्रिलचा वारा असा कोरडा, की बाळाचं नाक जुळून येईपर्यंत कपाळ टणक झालं आणि कानामागून तडा गेला. मग त्यांनी सोलापूरहून तेलातली माती आणवली. ती वाळत नव्हती, पण दुपारी पत्र्याखाली एवढी ढिली पडली की बाळाचे गाल हनुवटीवर ओघळले.

"आईस्क्रीमचं हाय काय गं?" गौरीशंकर हसले. त्याही हसल्या. मग रानातली काळी माती भिजवून पाहिली. वाळल्यावर तिला मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या.

शेवटी त्या कुंभारगल्लीत धुरपताबाईंकडं गेल्या. धुरपताबाईंच्या नातवाला, मल्हारला, पहिली आंघोळ उमादेवींनीच घातली होती. सगळं ऐकून म्हातारीनं विचारलं, "सिस्टर, करून ठिवायचं हाय, का शिकायचं हाय?"

उमादेवींनी आपल्या तळहाताकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी शिकायचंय."

"मग मोडायला सोपी माती न्या. चुकलं की पाणी मारा, पुन्हा गोळा करा." त्यांनी चाळून, मळून मुरवलेल्या मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. "भाजायचं मनात आलं तर आतून पोकळ करा बरं. भरीव असलं की आव्याच्या जाळात फुटतंय."

ही माती हाताला ओळखीची वाटली. दाबली की दबे, सोडली की तशीच राही. उमादेवी रोज सकाळी उन्हं चढायच्या आत अंगणात बसत. डोकं मोठं झालं, मोडलं. मान ताठ झाली, मोडलं. तान्ह्या बाळाला कुठली आलीय ताठ मान! संध्याकाळी ओलं फडकं झाकलं की सकाळी माती तयार. मोडल्याचं वाईट वाटेनासं झालं.

एक दिवस डोकं तळहातावर बरोबर बसलं. किंचित लांबुळकं, एका बाजूनं दबलेलं, डोळे मिटलेले. गौरीशंकर जवळ आले. मग त्यांनी आपला हात पुढं केला. "दे जरा माझ्याकडं." आणि घेताना त्यांनी, न सांगता, खाली दुसरा हात लावला.

धुरपताबाई बघायला आल्या. "आमच्या मल्हारचंच हाय की! द्या, पोकळ करून भाजून आणते."

"आत्ता न्हाय," उमादेवी म्हणाल्या. "कान अजून जमला न्हाय."

त्यांनी डोकं बादलीतल्या पाण्यात सोडलं. गौरीशंकर "अगं, अगं!" करत उठले, तोवर माती विरघळायला लागलीही होती.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "उद्या ह्याच्याहून चांगलं होतंय."

धुरपताबाईंनी चहाची बशी तोंडाला लावली आणि पुढच्या आठवड्यात आणखी माती धाडते म्हणाल्या.