एकोणीस वर्षांपर्यंतचे जंत

आमच्या शाळेत वर्षातून दोनदा जंताच्या गोळीचा दिवस असतो, आणि त्या दिवशी माझ्यासारखी खडूस मास्तरीण रायपुरात शोधून सापडायची नाही. गोळी माझ्यासमोर चावायची, वर पाणी प्यायचं आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. गालात गोळी दडवून नळावर जाऊन थुंकणारे महाभाग मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते. त्या दिवशीच्या रजिस्टरवर वरच छापलेलं असतं, वय एक ते एकोणीस. ते वाचून वाचून माझी पक्की समजूत झाली होती की विसावं लागलं की जंत आपणहून माणसाला सोडून जातात. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या पर्समधले खडू जायला लागले. शाळेतून येताना दोन-चार खडू पर्समध्ये राहतातच, ते सकाळी नसायचे. घरात आम्ही तिघंच. मी, माझी बारा वर्षांची लेक आणि माझे बाबा. खडू आणि माती कोण खातं? ज्याच्या पोटात जंत आहेत तो. आणि जंत कुणाच्या पोटात असतात? पोरांच्या. एवढ्या पुराव्यावर मी लेकीला गुन्हेगार ठरवून टाकलं. ती हिंदीत शपथा घेत राहिली, मी मराठीत रागवत राहिले. तिच्या शाळेत गोळीचा दिवस झाला, त्या संध्याकाळी मी घरी पुन्हा तिची जीभ तपासली. तरी खडू जातच राहिले.

बाबांकडे माझं लक्ष होतं, पण ते वेगळ्या काळजीने. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरामागची बाडी, म्हणजे भाज्यांची जागा, हाच त्यांचा संसार. माठाची लाल भाजी अशी यायची की शेजारी मागून नेत. शेजारच्या संडासाची जुनी टाकी पावसाळ्यात आमच्या बाडीत पाझरते, त्याचं सगळं श्रेय बाबा स्वतःच्या हातगुणाला देत. चप्पल घालून मातीत उतरणं त्यांना मातीचा अपमान वाटायचा. तेच बाबा आता दोन वाफे झाले की धापा टाकत पायरीवर बसत. चेहरा पिवळट पडला होता. एक दिवस त्यांनी आपलं आवडतं खुरपं शेजारच्या काकांना देऊन टाकलं. मग भिंतीवरचं घड्याळ कुणी घ्यायचं, सायकल कुणी घ्यायची, हेही ठरवायला लागले. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणत, वयाले औषध नसते. मला फार भीती वाटत होती, आणि ती मी भांडी जोरात आपटून लपवत होते.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. बाबा बाडीच्या पायरीवर बसले होते आणि त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या. मिशा पांढऱ्याच आहेत त्यांच्या, पण ओठही होते. हातात अर्धा खडू.

"काहून खाता बाबा?" मी विचारलं.

"मले काय माहीत," ते खाली बघत म्हणाले. "खावासा वाटते."

लेकीने मागून येऊन हे पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शंकर नगरच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून जेमतेम पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. खडूचं ऐकून त्यांनी बाबांची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्ताबरोबर शौचाची तपासणी लिहून दिली. या वयात डबी भरून न्यायची म्हणून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रक्त फारच कमी निघालं आणि डबीत अंकुशकृमीची अंडी निघाली. बाईंनी समजावलं की गोल जंत मुलांना जास्त धरतात, वय वाढलं की त्यांचा जोर कमी होतो. हे अंकुशकृमी मात्र अनवाणी तळव्यातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. जन्मभर मातीत वावरलेल्या माणसाला ते म्हातारपणीही सोडत नाहीत. मी रजिस्टरवरचं वय सांगितलं, तर त्या हसल्या. ते वय गोळ्या वाटायला सोपं जावं म्हणून आहे, म्हणाल्या, जंतांना कुणी कळवलेलं नाही.

घरी बाबांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि निर्विकार चेहऱ्याने बाडीकडे निघाले. तो चेहरा मी ओळखते.

"थांबा," मी म्हटलं. "जीभ दाखवा."

"नाना, ऊपर करो," लेकीने आजोबांना न्यायाधीशाच्या आवाजात बजावलं.

गोळी गालातच होती. बाबांनी ती मुकाट्याने चावली आणि पुन्हा आ केला. जीभ पांढरीफटक होती, खडूइतकीच. इतक्या वर्षांत मी हजारो जिभा पाहिल्या होत्या, घरातली ही एक पाहिली नव्हती. मला रडू आलं. बाबांना वाटलं, मी गोळीवरून रडते आहे, म्हणून त्यांनी आणखी मोठा आ करून दाखवला.

पुढचे काही महिने लोहाच्या गोळ्या चालल्या. खडू पर्समध्येच राहू लागले. एका सकाळी बाबा नव्या रबरी चपला घालून बाडीत उभे होते आणि मला शेजारी पाठवत होते. स्वतः जायची त्यांना लाज वाटत होती.

"खुरपं घेऊन ये," ते म्हणाले. "सांग त्यायले, मले लागते ते अजून."