काकूंच्या खांद्यावरचा हात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, आमच्या गटातल्या मुलींजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण मला आता त्या टाळ्यांचा वैताग आलाय. परवा एका कॉलेजात बोलायला गेले होते — तीच गोष्ट सांगितली, त्याच जागी थांबले, त्याच जागी आवाज चढवला, आणि त्याच जागी टाळ्या पडल्या. नंतर एक मुलगी डोळे पुसत जवळ आली. म्हणाली, "ताई, तुम्ही किती खरं बोलता!"

खरं? मी तिच्याकडे बघून हसले. निर्लज्जासारखी हसले.

मी देवळाली प्रवराची. पोटापाण्याला फोटो काढते — कुटुंबांचे, उघड्यावर, शेतात, घरापुढं. आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. आमचा चार-पाच जणींचा गट आहे. म्हणणं सरळ आहे: फोटोत माणसाचा रंग बदलू नका. बास. यात न समजण्यासारखं काय आहे? तरी लग्नाचा कुठलाही अल्बम उघडा — नवरीचं तोंड खडू फासल्यासारखं, आणि मेंदी काढलेले हात भलत्याच कुणाचे. स्टुडिओवाले 'गोरं करून देतो' हे असं सांगतात, जसा काही चहा पाजतायत. मोबाईल तर विचारतही नाही. आपला आपण चेहरा खरवडून काढतो. 'माणूस म्हणजे भिंत आहे का, चुना मारायला?' — हे आमच्या पत्रकावरचं वाक्य माझंच. लोकांनी ते स्टेटसला ठेवलं होतं.

आणि कृपा करून मला सांगू नका की उन्हात सावळा रंग नीट येतच नाही. येतो. न येणारा रंग जगात नाही, न बघणारा फोटोवाला असतो. भर उन्हात उभं करू नका. उसाला चिकटून उभं करू नका, पानांचा हिरवा उजेड गालावर चढतो आणि माणूस आजारी दिसतं. आणि पांढऱ्या कपड्यांवर उजेड मोजू नका. पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो हात आखडता घेतो, आणि फोटोतला सगळ्यात सावळा चेहरा काळोखात बुडतो. म्हणून उजेड मोजायचा तो त्या चेहऱ्यावर. सगळ्यात सावळ्या चेहऱ्यावर. हे मी आमच्या गटाच्या शिबिरात फळ्यावर लिहून शिकवते.

शिकवते, बरं का.

आता ती गोष्ट. पत्रकात छापलेली, आणि मी गावोगाव सांगत फिरते ती. एक सून. सावळी, हसरी. नवीन घराच्या हॉलमध्ये लावायला कुटुंबाचा मोठा फोटो काढायचा ठरतो. सासू फोटोवाल्याला हळूच बाजूला घेते आणि म्हणते, 'सुनेला तेवढी उजळ कर. पाव्हणेरावळे बघत्यात.' फोटोवाला करतो. फ्रेम लागते. सून स्वतःच्या घरात स्वतःच्या फोटोपुढं उभी राहते आणि स्वतःला ओळखत नाही. इथं मी थांबते. मग आवाज चढवते.

सून खरी आहे. फ्रेम खरी आहे. फोटोवाला — बघा, 'फोटोवाला' लिहिलं मी. पुरुष. तेवढी काळजी घेतली होती.

त्या सुनेचं नाव मनीषा. आम्ही वहिनी म्हणतो. माहेर मिरजगाव. आमच्या घराजवळच्या वस्तीवर शकुंतलाकाकू राहतात, त्यांच्या मंगेशची बायको. काकूंना मी परकर-पोलक्यात असल्यापासून ओळखते. त्यांनी नवा बंगला बांधला आणि वास्तुशांतीच्या आधी मला निरोप धाडला — समद्यांचा एक मोठा फोटो काढ, तूच काढ, भायेरचा माणूस नगं.

गेले मी. सकाळचीच वेळ, पण ऊन चढलं होतं. वहिनींच्या साडीच्या निऱ्या नीट करताना त्या माझ्याशी बोलत होत्या. म्हणाल्या, लग्नाआधी सात-आठ ठिकाणचे लोक बघून गेले, सगळ्यांचं 'मुलगी चांगली आहे, पण' — आणि त्या 'पण'च्या पुढं कुणी बोलायचंच नाही. काकू बघायला आल्या तेव्हाही त्यांच्यातल्या एक आत्याबाई रंगाचं काही पुटपुटल्या. काकू मात्र तिथल्या तिथं म्हणाल्या, "आमी पोरगी बघाया आलोय, साडीचा रंग न्हाई." वहिनी म्हणाल्या, "त्या एका वाक्यावर मी होकार दिला, शीतल. मंगेशना तर मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं." आणि हसल्या.

हे वाक्य मला माहीत होतं. फोटो काढण्याआधी माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

गोठ्याच्या मागं छान सावली होती, समोर उघडं आभाळ. तिथं चौघांचेही रंग जसे आहेत तसे आले असते. मला कळत होतं. पण मला ऊस पाहिजे होता! ऊस मागं असला की फोटो उठून दिसतो, माझ्या पेजवर लोक थांबतात. म्हणून मी त्यांना उसाच्या कडेला उन्हात उभं केलं. आबा — म्हणजे काकूंचे मालक — धोतर, सदरा, टोपी, सगळं परीटघडीचं पांढरं. मंगेशदादाचा शर्ट पांढरा. काकू गोऱ्या. आणि वहिनी आपोआप मागच्या बाजूला सरकल्या, जशी सवय लागलेली माणसं सरकतात.

मी काही बोलले नाही. काकू बोलल्या. "मनीषा, मागं काय दडतीस? मी काय खाती का तुला? ये हितं, माझ्याजवळ. शीते, तिला पुढं घे. आन् मंग्या, तू जा मागं, तुझं प्वाट मावंना फोटूत!" सगळे हसले. आबासुद्धा. वहिनी पुढं आल्या, त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी बटण दाबलं.

उजेड मी कशावर मोजला होता? आबांच्या सदऱ्यावर.

घरी येऊन फोटो उघडला. आबा झकास. काकू झकास. सदऱ्याची इस्त्री दिसत होती. वहिनींचा चेहरा राखाडी. वरून गालावर हिरवट झाक. डोळे कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. आता काय करायला पाहिजे होतं? एक तर बसून तो चेहरा सावकाश वर काढायचा, हिरवं कमी करायचं, तांबूस परत आणायचं — किचकट काम, पण होण्यासारखं. नाहीतर फोन करून सांगायचं, काकू, माझं चुकलं, पुन्हा येते. 'माझं चुकलं.' दोन शब्द. पण गावभर उजेड मोजायला शिकवणारी मी — मी कसं सांगू?

मी संगणकातला ब्रश घेतला आणि चेहरा उजळवला. इतर तिघांशी जुळेपर्यंत उजळवला. स्टुडिओवाले करतात तस्सा. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू — मला सुटल्यासारखं वाटलं. काम उरकलं. मोठी प्रत काढली, फ्रेम करून दिली. वास्तुशांतीच्या दिवशी ती हॉलमध्ये लागली.

काकू फ्रेमपुढं बराच वेळ उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "शीते, ही आमची मनीषा न्हाई दिसत गं. लई पांढरीफटक झाली. आजाऱ्यावानी."

मी म्हटलं, "उन्हाचं असतं काकू. उन्हात होतं तसं."

"व्हय का? आसंल मग," म्हणाल्या, आणि पंगतीकडं गेल्या.

हे पहिलं खोटं. वाटलं, संपलं. पण वहिनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून उभ्या. चेहरा उतरलेला. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला करायला?"

आता सांगा — इथं काय अवघड होतं? कुणी नाही वहिनी, मीच. संपलं असतं. त्या चिडल्या असत्या, मी दुसरी प्रत दिली असती. पण त्यांना माझी पत्रकं माहीत होती. त्यांनी ती मिरजगावला मैत्रिणींना पाठवली होती. त्यांच्या समोर मी — मी खांदे उडवले. आणि म्हटलं, "आता काय सांगू वहिनी... घरच्या मोठ्यांचं ऐकावं लागतं."

नाव घेतलं नाही. त्याच क्षणी आतून काकूंची हाक आली, "मनीषा, पुरणपोळी आन गं!" आणि वहिनींनी त्या आवाजाकडं अशी मान वळवली, की मला सगळं कळलं. त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे मला बघायला आल्या तेव्हा बोलल्या ते दाखवण्यापुरतंच." मी नाही म्हटलं नाही. मान खाली घातली. आणि वर दुःख झाल्यासारखी घातली!

पुढं काय व्हायचं? भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं — काकू ओरडल्या असत्या, खरं बाहेर पडलं असतं. वहिनी नुसत्या गप्प झाल्या. विचारलं तेवढं बोलायच्या. मंगेशदादांना नगरला नोकरी होतीच, रोज जाऊन-येऊन करायचे. वहिनींनी तिथं खोली बघायला लावली. आता सणाला येतात, पाहुण्यासारख्या बसतात, दुसऱ्या दिवशी जातात. काकूंनी माझ्या आईला विचारलं, "माझ्या हातून काय झालं आसंल गं?" आई मला म्हणाली, सुना हल्ली अशाच. मी तिला म्हटलं, हं.

आणि एवढ्यावर मी थांबले का? नाही ना! पत्रकाला गोष्ट पाहिजे होती. कोरड्या वाक्यांना कोण विचारतं? आणि एक तयार गोष्ट माझ्या हाताशी होती — सासू, सून, फ्रेम. फक्त एक वाक्य बसवायचं होतं, काकूंच्या तोंडात. 'तेवढी उजळ कर.' हे वाक्य मी माझ्या टेबलावर बसून लिहिलं. खरं वाटावं म्हणून बोलीत लिहिलं. त्यात 'देवळालीतली एक सासू' असंही लिहिलं, कारण गावाचं नाव असलं की गोष्ट पक्की वाटते.

गावातल्या बायकांना कळायला कितीसा वेळ? फ्रेम हॉलमध्येच होती. भिशीला काकूंना कुणीतरी म्हणालं, "काय शकुंतलाबाई, सून धुऊन घेतली म्हनं?" काकू भिशीतून उठून सरळ माझ्याकडं आल्या. हातात माझं पत्रक. मला वाटलं, आता सापडले. आणि त्या काय म्हणाल्या? "शीते, ही सासू म्हंजी मीच आसं बाया म्हनत्यात. तू हुतीस ना तिथं? मी आसलं काय बोलले का? सांग की त्यास्नी."

त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा आली नव्हती. त्या साक्षीदार म्हणून माझ्याकडं आल्या होत्या.

मी म्हटलं, "नाही हो काकू, ती दुसरी कुणी. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"मग तेवढं भिशीत येऊन सांग."

"सांगते."

सांगितलं नाही. पत्रक पुन्हा छापलं.

इथं मी माझ्या स्वतःच्या रंगाची हकिकत घालू शकले असते. शाळेतलं, नातेवाइकांतलं. ती खरी आहे आणि ती ऐकून तुम्हाला माझी दया आली असती. म्हणून ती सांगत नाही. माझ्या रंगानं ब्रश धरला नव्हता.

परवा कॉलेजातून आले आणि मूळ फोटो उघडला. बसले. गालावरचं हिरवं काढलं, कपाळ सावकाश वर आणलं, तांबूस परत घातलं. आल्या वहिनी. जशा आहेत तशा, मंग्याच्या पोटावर हसणाऱ्या. चहा निवायच्या आत आल्या! एवढंच काम होतं. एवढ्यासाठी.

तर लिहून ठेवते. शकुंतलाकाकूंनी मला काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी सुनेला पुढं घ्यायला सांगितलं होतं. मनीषावहिनींचा चेहरा मी उजळवला, त्यांच्याशी मी खोटं बोलले, काकूंशी मी दोनदा खोटं बोलले, आणि पत्रकातलं ते वाक्य माझं आहे. हे मी आज वस्तीवर जाऊन तोंडानं सांगणार आहे, मग नगरला जाऊन. पुढच्या पत्रकात माझ्या नावानिशी हेच छापलं जाईल, भिशीतल्या बायकांनाही तेच मिळेल. त्यानं काय होईल ते मला माहीत नाही.

ती फ्रेम अजून तिथंच आहे. कधी गेलात तर नीट बघा. चेहरा उजळवताना घाईत माझ्याकडून एक जागा राहून गेली. काकूंच्या खांद्यावर ठेवलेला वहिनींचा हात — तो सावळाच आहे, आणि त्यानं खांदा घट्ट धरलाय.